जुनं सेसना १७२एन: मालकीची साखळी आणि दुरुस्त्यांचा माग (प्रकल्प नोंदी, नाशिक)

११ जानेवारी २०२५

धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर हँगरमध्ये उभं असलेलं १९७८ सालचं सेसना १७२एन नाशिकच्या तिघांना भागीदारीत घ्यायचं आहे. पैसे देण्याआधी या विमानाचा पूर्ण इतिहास कागदोपत्री उभा करणं हे आमचं काम. नोंदणी चिन्ह आणि मालकांची नावं या नोंदींत येणार नाहीत.

विक्रेत्याच्या पत्रात एक वाक्य आहे: 'विमानाला आजवर एकही अपघात नाही.' ते खोटं आहे असं धरून चालायचं नाही. पण अपघाताच्या यादीत नाव नसणं आणि विमानाला कधी मार न बसणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, म्हणून तपास लॉगबुकांपासूनच सुरू केला.

नाशिकला आणलेल्या पेटीत एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांची स्वतंत्र लॉगबुकं, अमेरिकेतल्या काळातल्या दोन वह्या, वजनाचे अहवाल, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हचा, म्हणजे उड्डाणयोग्यतेसाठीच्या सक्तीच्या आदेशांचा (पुढे एडी) तक्ता, नोंदणी प्रमाणपत्र, एअरवर्दीनेस प्रमाणपत्र आणि शेवटचं रिव्ह्यू प्रमाणपत्र आहे. जर्नी लॉग (प्रत्येक उड्डाणाच्या नोंदी) २००४ पासूनचेच आहेत. आधीचे नाहीत.

मोठ्या कागदावर १९७८ पासूनचा प्रत्येक महिना एका ओळीत घेतला. रकाने असे: उड्डाणाचे तास, मालक, मुक्कामाचं ठिकाण, काम करणारी संस्था, सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक. लॉगबुक पानापानाने वाचलं की सगळं सरळ दिसतं. महिन्यांप्रमाणे मांडलं की रिकाम्या ओळी डोळ्यांत भरतात, आणि शोधायचं बहुतेक तिथेच असतं.

१४ जानेवारी

अमेरिकेतला काळ १९७८ ते १९९३. तिथल्या नोंदणीचे कागद ओक्लाहोमा सिटीच्या एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) कार्यालयातून मागवता येतात. त्यात दोन भाग असतात: एक विक्रीपत्रांचा आणि कर्जाच्या बोज्यांचा, दुसरा एअरवर्दीनेसचा. दुसऱ्या भागात फॉर्म ३३७ असतात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या आणि फेरबदलांच्या नोंदी. दोन्ही मागवावेत. नुसता मालकीचा भाग मागवणारे फसतात.

शोध 'एन' क्रमांकावर घ्यायचा नाही. विमान देशाबाहेर गेलं की तो क्रमांक पुढे दुसऱ्या विमानाला मिळू शकतो. या विमानाचा जुना क्रमांक आज भलत्याच विमानावर आहे. शोध कारखान्याच्या अनुक्रमांकावर घ्यायचा, १७२ ने सुरू होणाऱ्या आठ आकड्यांवर. एनटीएसबीच्या (अमेरिकेतली अपघात तपास संस्था) अपघात संग्रहात १९६२ पासूनच्या नोंदी मिळतात, पण तिथे त्या दिवशीचं नोंदणी चिन्ह लागतं, म्हणून आधी साखळी जुळवावी लागते.

एनटीएसबीकडे काही नाही. फॉर्म ३३७ मध्ये मात्र आहे: १९८६ मध्ये उजव्या पंखाच्या टोकाकडचा पत्रा आणि दोन रिब (पंखाला आतून आकार देणारे तुकडे) बदलल्या. कारण लिहिलंय, जमिनीवर उभं असताना वाऱ्याने उलटून कडेला आदळलं. काम पूर्ण आहे, सही आहे, तपासणी आहे. अशा दुरुस्तीने आम्हाला काळजी वाटत नाही. फक्त हँगरमध्ये पंखाच्या टोकाचा तो भाग आतून बघायचा आहे.

१९ जानेवारी

तासांचा हिशोब. याला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो घालवायलाच हवा होता.

अमेरिकन वहीत तास टॅकोमीटरचे आणि दशांशात: २९१४.६. टॅक-तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. क्रूझच्या फेऱ्यांना ते घड्याळाशी जुळतात, टॅक्सीत (जमिनीवर चालताना) आणि उतरताना मागे पडतात. भारतात लॉग तास-मिनिटांत. १९९३ च्या पहिल्या भारतीय पानावर हाच आकडा '२९१४.०६' असा उतरवलाय. खरं रूपांतर २९१४ तास ३६ मिनिटं. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही, पण उतरवणाऱ्याची सवय कळली.

ती सवय पुढे १९९७ मध्ये महागात पडली. तेव्हा विमान जुहूला प्रशिक्षणासाठी होतं. काही पानांवर तास-मिनिटं दशांश समजून बेरीज केलीय. उदाहरणार्थ १.३०, १.४५ आणि ०.५० म्हणजे दीड तास, पावणेदोन तास आणि पन्नास मिनिटं, एकूण ४ तास ५ मिनिटं. पानावर बेरीज ३.२५ लिहून ती पुढे साडेतीन तासांहून कमी धरली. प्रत्येक ओळीत थोडं थोडं हरवलं. अशा जवळपास दोनशे ओळी निघाल्या आणि एकूण फरक ४१ तासांचा. लॉगमध्ये ६७१२ तास, आमच्या हिशोबाने ६७५३.

४१ तास एअरफ्रेमला फार नाहीत. पण शंभर तासांच्या तपासण्या ज्या आकड्यावर ठरत होत्या तो आकडाच मागे होता, म्हणजे त्या काळातल्या तपासण्या उशिरा झाल्या. प्रशिक्षणाचं विमान, रोज अनेक लँडिंग. नोजव्हील आणि मुख्य गिअरच्या जोडांकडे जास्त बघायचं, असं हँगरच्या यादीत लिहिलं.

२५ जानेवारी

महिन्यांच्या कागदावर २००७ मध्ये भोक. १८ जूननंतर थेट ९ नोव्हेंबर. तेव्हाची मालक एक खासगी कंपनी (२००४ ते २०११). पावसाळ्यात या भागात लहान विमानं उभी राहतात, त्यात नवल नाही. पण बाकीच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी उड्डाणं सुरू झालीत.

एअरफ्रेम लॉगमध्ये त्या काळात एकच ओळ: 'वार्षिक तपासणी केली.' इंजिन लॉगमध्ये काही नाही. प्रोपेलरचं मात्र नवं लॉगबुक ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू होतं, मॅकॉले कंपनीचा दुसराच अनुक्रमांक, ओव्हरहॉल केलेला. जुना का काढला ते कुठेच लिहिलेलं नाही. जुन्या प्रोपेलरचं लॉगबुक पेटीत नाही.

मग वजनाचे अहवाल काढले. २ नोव्हेंबर २००७ ला विमान पुन्हा तोललं होतं. रिकामं वजन २.६ किलोने वाढलेलं, गुरुत्वमध्य किंचित पुढे सरकलेला. त्या दरम्यान रेडिओ किंवा इतर उपकरण बसवल्याची नोंद नाही. लोकांना वजनाचा अहवाल फक्त लोडिंगच्या हिशोबाचा कागद वाटतो. आम्ही तो साक्षीदार म्हणून वाचतो, कारण विमान पुन्हा तोलायला सहसा काहीतरी कारण असतं आणि वजन पुढे सरकलं तर ते पुढच्या भागात घडलेलं असतं.

२ फेब्रुवारी

एएआयबीचे (भारतातली विमान अपघात तपास संस्था) अहवाल चाळले. ही संस्था २०१२ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे २००७ ची घटना तिथे मिळणार नव्हतीच. त्याआधी तपास डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) करत असे. तिथल्या जुन्या अहवालांतही हे विमान नाही.

याचा अर्थ नीट लावायला हवा. आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या (अॅनेक्स १३) व्याख्येप्रमाणे नुकसान फक्त एका इंजिनापुरतं, प्रोपेलर, पंखाची टोकं, अँटेना, टायर, ब्रेक, फेअरिंग किंवा पत्र्यावरचे लहान पोचे एवढ्यापुरतं असेल आणि कोणी गंभीर जखमी नसेल, तर तो 'अपघात' ठरत नाही. आपल्या तपास नियमांतही हीच चौकट आहे. म्हणजे प्रोपेलर जमिनीला घासून दोन्ही पाती वाकली तरी अपघाताची यादी कोरी राहू शकते, आणि विक्रेत्याचं वाक्य शब्दशः खरं ठरू शकतं. पण त्याच धक्क्याने सांगाड्याची ताकद कमी झाली असेल आणि मोठी दुरुस्ती लागली असेल, तर घटना व्याख्येत येते. आता बघायचंय ते हेच.

९ फेब्रुवारी, धुळे

आधी ओळख. डाव्या दाराच्या चौकटीवरची पट्टी, इंजिनावरची पट्टी आणि प्रोपेलरच्या हबवर ठोकलेला अनुक्रमांक, तिन्ही लॉगशी जुळले. इंजिन लायकमिंग ओ-३२०-एच२एडी, १६० अश्वशक्तीचं, क्रमांकाच्या शेवटी ७६टी.

काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) पाहिली. खाली उजवीकडे, नोजगिअरच्या जोडाजवळ, आतल्या बाजूने साधारण १५० बाय ९० मिलिमीटरचा डब्लर (बळकटीसाठी जोडलेला पत्र्याचा तुकडा) बसवलाय. रिव्हेटची डोकी शेजारच्या ओळीपेक्षा मोठी. पुढून रंगामुळे दिसत नाही. आत पेडलांखालची गादी उचलून दिवा आडवा धरला तर पत्र्याची हलकी लाट दिसते. १७२ मध्ये नोजव्हीलवर जोरात बसलेल्या विमानाची ही ठरलेली खूण आहे. नोजगिअर फायरवॉललाच बांधलेलं असतं, त्यामुळे ताण थेट त्या पत्र्यात जातो. केलेलं काम सुबक आहे, कडेची अंतरं बरोबर आहेत, सीलंटही लावलंय. पण लॉगमध्ये त्याची एक ओळही नाही. कागद नसलेली दुरुस्ती मंजूर रेखाटनाप्रमाणे झाली की अंदाजाने, हे पत्र्याकडे बघून कोणीच सांगू शकत नाही.

सीट रेल. एडी २०११-१०-०९ ही सेसनांच्या सीट घसरण्याबद्दलची. टेकऑफला नाक वर गेलं की सीट मागे सरकते, वैमानिक योक (विमान वळवायचा दांडा) धरून मागे ओढला जातो आणि नाक आणखी वर जातं. रेलच्या भोकांची झीज मोजली: वैमानिकाच्या बाहेरच्या रेलमध्ये दोन भोकं ०.३८ इंच. ०.३६ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, ०.४२ च्या वर गेलं की रेल बदलायची. आम्ही आत्ताच बदलायला सांगणार. पिन भोकात किती शिरते तेही मोजलं, ठीक आहे.

गंज. जुहूची अकरा वर्षं समुद्राच्या वाऱ्यातली आहेत, म्हणून इथे घाई केली नाही. केबिनच्या बाजूंचं जुनं फायबरग्लासचं अस्तर काढून पाहिलं. ते ओल धरून ठेवतं आणि त्यामागचा पत्रा आतून खातं. डाव्या बाजूला खिडकीखाली पांढरी भुकटी, खरवडून पाहिलं तर वरवरची. पंखांच्या स्ट्रटचे जोड, दाराच्या मागचे खांब आणि शेपटीतल्या केबलच्या पुल्या स्वच्छ. १९८६ च्या दुरुस्तीची जागा आतून बघितली, ठणठणीत आहे.

इंजिन गरम असताना दाबाची चाचणी, ८० पीएसआयवर: ७४, ७२, ६१, ७३. तिसऱ्या सिलिंडरला एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस येते. आवाज कुठून येतो त्यावर दोष कळतो: एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या नळीतून आला तर पिस्टन रिंगा. बोरस्कोप घातला. व्हॉल्व्हच्या तबकडीवर एका कडेला फिका चंद्रकोरीसारखा पट्टा, म्हणजे ती कड नीट बसत नाही आणि जास्त तापते. ६१ हा आकडा चालू शकतो, हा पट्टा चालत नाही.

आता एच२एडीचं मूळ दुखणं, कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि त्यावर टेकणारे भाग). एडी ८०-०४-०३ प्रमाणे दर तेलबदलाला लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ द्रव्य घालायचं किंवा ते आधीच असलेलं तेल वापरायचं. तेलाच्या नोंदी नीट आहेत. पण उभं राहण्याचं काय? लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि पावसाळी हवेत तो भाग उघडा पडतो. २०१३ च्या ओव्हरहॉलनंतर १२ वर्षांत हे इंजिन फक्त ४१२ तास चाललंय. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ एकही उड्डाण नाही आणि इंजिन साठवणीला तयार केल्याचीही नोंद नाही. त्याऐवजी 'प्रोपेलर हाताने फिरवला' अशा नोंदी आहेत. तसं करणं हानिकारकच, उरलासुरला तेलाचा थर पुसला जातो. जमिनीवर पाच मिनिटं इंजिन चालवूनही उपयोग नाही. तेल साधारण ७५ अंशांच्या वर तासभर राहिलं तरच आतलं पाणी निघून जातं.

या इंजिनाचा एक फायदा: टॅपेट इंजिनाचं कवच न उघडता बाहेर काढता येतात. चार काढले. दोघांच्या तोंडावर खड्डे. तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडल्या, चुंबकाला बारीक लोखंडी कण चिकटले. इंजिन उघडावंच लागणार, यावर आमच्यात दुमत राहिलं नाही.

१५ फेब्रुवारी

मालकीची साखळी. नोंदणी प्रमाणपत्रावर आज कोणताही बोजा नाही. तरी २००४ ते २०११ च्या कंपनीचा शोध कंपनी निबंधकाकडे घेतला. कंपनीचं नाव मधे बदललंय, म्हणून सीआयएन (कंपनी ओळख) क्रमांकावर शोधावं लागलं. २००४ चा एका बँकेचा चार्ज (कर्जाचा बोजा) जंगम मालमत्तेवर आहे आणि तो फिटल्याची नोंद नाही. कर्ज फिटलं असावं, फक्त फेडीचा फॉर्म दाखल व्हायचा राहिला असावा. पण 'असावं' वर विमान घेता येत नाही. बँकेचं लेखी पत्र मागितलंय आणि विक्रेत्याने ती नोंद मिटवून घ्यावी असं कळवलंय.

केपटाउन कराराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत शोधायचा सल्ला एकाने दिला होता. भारत त्यात २००८ पासून आहे, पण तो करार किमान आठ माणसांच्या किंवा २७५० किलोंहून जास्त माल वाहणाऱ्या विमानांना लागू आहे, आणि पिस्टन इंजिन असेल तर ५५० अश्वशक्तीपासून पुढे. चार आसनी सेसना त्यात येत नाही, तिथलं 'काही सापडलं नाही' हे उत्तर निरर्थक आहे. याच्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र, कंपनी निबंधक आणि सरसाई (कर्जाच्या तारणांची केंद्रीय नोंदवही) हीच ठिकाणं.

१९९३ च्या आयातीची बिल ऑफ एंट्री सापडली. वापराची काही अट होती का ते सीमाशुल्काच्या जाणकाराला दाखवायचं.

२७ फेब्रुवारी

२००७ चं कोडं सुटलं. विम्याच्या जुन्या फायलीत सर्व्हेअरचा अहवाल मिळाला, जुन्या कंपनीच्या परवानगीने. पावसानंतर टॅक्सीत नोजव्हील धावपट्टीच्या कडेच्या मऊ मातीत रुतलं, दोन्ही पाती वाकली, इंजिन कमी फेऱ्यांवर होतं. फायरवॉलवर सुरकुती. दुरुस्तीचा अंदाज, वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि डब्लरचं रेखाटन अहवालाला जोडलेलं. रेखाटनातली मापं आम्ही मोजलेल्या मापांशी जुळतात.

फायरवॉलला सांगाड्याची दुरुस्ती लागली, म्हणजे घटना कळवायला हवी होती असं आमचं मत. ती कळवली गेल्याचा कागद फायलीत नाही.

'इंजिन कमी फेऱ्यांवर होतं' यावर बरेच जण समाधान मानतात. लायकमिंगची व्याख्या कडक आहे: पात्यांची किरकोळ घासाई सोडून प्रोपेलरला दुरुस्ती लागली की तो स्ट्राइकच (आदळणंच), मग इंजिन चालू असो वा बंद. स्ट्राइकनंतरच्या तपासणीची एडी २००४-१०-१४ ओ-३२०-एच मालिकेला लागू नाही, तरी अशा स्ट्राइकनंतर इंजिन उघडून क्रँकशाफ्ट आणि त्याच्या मागचा गिअर तपासायलाच हवा. तो गिअर सैल होऊन निसटला तर कॅमशाफ्ट, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) आणि तेलाचा पंप सगळं एकदम थांबतं, आणि इंजिन हवेतच बंद पडतं. या विमानात तर दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर आहेत.

२००७ मध्ये ही तपासणी झाल्याची नोंद नाही. विमान पुढे जवळपास दोनशे तास तसंच उडालं. २०१३ च्या ओव्हरहॉलच्या कामपत्रिकेत मात्र गिअरची तपासणी आणि क्रँकशाफ्टची मॅग्नेटिक पार्टिकल (बारीक तडे शोधणारी) तपासणी स्पष्ट आहे. धोका त्या दिवशी संपला.

८ मार्च

विक्रेत्याशी बैठक, नाशिकला. त्यांना २००७ ची घटना ठाऊक नव्हती, त्यांनी विमान २०११ मध्ये घेतलंय. कागद बघितल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

अटी ठरल्या. इंजिनाचं ओव्हरहॉल खरेदीआधी, कारण लायकमिंगची मर्यादा २००० तास किंवा १२ वर्षं, आणि १२ वर्षं याच महिन्यात भरतात. तास उरलेत म्हणून इंजिन 'अर्ध्याहून जास्त शिल्लक' अशी किंमत लावलेली होती, ती काढली. कॅमशाफ्ट आणि सगळे टॅपेट नवे, दुरुस्त केलेले नकोत. डब्लर मान्यताप्राप्त संस्थेने रेखाटनाशी ताडून, लागल्यास कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणे पुन्हा बसवून, एअरफ्रेम लॉगमध्ये आजच्या तारखेने नोंदवायचा. मागची तारीख घालायची सूचना एका बाजूने आली, ती आम्ही लगेच बंद केली. तासांची दुरुस्ती वेगळ्या ओळीत, कारणासह, जुनी पानं न खोडता.

२२ मार्च

ओझरच्या हिशोबाचं काम. विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), पार्किंग आणि मुक्कामाची परवानगी आधी लेखी घ्यायची. उंची साधारण १९०० फूट. एप्रिलच्या दुपारी ३९ अंश धरले तर घनता-उंची (विमानाला हवा जितक्या उंचीवरची वाटते ती उंची) सुमारे ५३०० फूट येते, आणि कार्ब्युरेटरचं १६० अश्वशक्तीचं इंजिन तिथे साधारण १३५ देतं. ओझरची धावपट्टी मोठी आहे, तिथे प्रश्न चढण्याचा. लहान धावपट्टीवर प्रश्न धावेचाही आणि चढण्याचाही. टेकऑफआधी पूर्ण थ्रॉटलवर मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पातळ करून फेऱ्या सर्वाधिक जिथे येतात तिथे ठेवायचं. वैमानिकांच्या पत्रकात हे पहिल्या ओळीत घातलं.

ताज्या वजनाप्रमाणे रिकामं ६६८ किलो, कमाल १०४३. भार ३७५ किलो. वापरण्याजोगं ४० गॅलन इंधन म्हणजे १०९ किलो. उरले २६६. तीन मोठी माणसं आणि थोडं सामान, चौथा नाही. फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरतात. परत चढायची वेळ आली तर त्या स्थितीत हे विमान उन्हाळ्यात जवळपास चढत नाही, म्हणून नेहमीचं उतरणं ३० वरच.

१२ एप्रिल

बँकेचं पत्र आलं, चार्ज मिटवल्याची नोंद निबंधकाकडे दिसतेय. डब्लर उघडला होता, खालचा पत्रा कोरडा निघाला. दोन रिव्हेटांची भोकं लांबट होती, ती मोठ्या मापाने बसवली. नोंद पूर्ण, रेखाटन लॉगला जोडलंय.

ओव्हरहॉलहून इंजिन मे महिन्यात येईल. पहिले २५ तास खनिज तेल की द्रव्य असलेलं, हे ओव्हरहॉल करणारेच लेखी ठरवतील. जून उजाडण्याआधी ते तास उडून पूर्ण व्हायला हवेत, नाहीतर नवा कॅमशाफ्टही पावसाळाभर तसाच उभा राहील. तसं झालंच तर साठवणीचं तेल आणि सिलिंडरांत डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग, नोंदीसह.

मालकीबदलाचा अर्ज डीजीसीएकडे तयार आहे. सोबत रेडिओ परवान्याचं नाव बदलायचं आणि ४०६ मेगाहर्ट्झ ईएलटीची (अपघात झाल्यास संकेत पाठवणारं यंत्र) नोंद बंगळुरूच्या इस्ट्रॅक या इस्रोच्या केंद्रातल्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरकडे नव्या मालकांच्या फोन क्रमांकांसह करायची. तिथे अजून २०११ च्या आधीच्या कंपनीचा क्रमांक आहे आणि तो बंद आहे.